क्लासिक गाडीचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप: दुरुस्त करावा की बदलावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी चालता चालता बंद पडली. पंपच गेलाय, हे कशावरून धरायचं?

धरायचंच नाही. पंप गेला म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा दोष पंपाबाहेर सापडतो: गंजलेला अर्थ (वीज गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतण्याचा जोड), लूज कनेक्शन, टाकीचा बुजलेला श्वास (टाकीत हवा शिरण्याची वाट), चिरलेला रबरी पाइप. म्हणून नवा पंप मागवण्याआधी खालचा क्रम पाळा.

इग्निशन चालू करा, पण सेल्फ मारू नका. पंपाची टकटक ऐकू येते का पाहा. येत असेल तर पंपाला वीज मिळते आहे. मग कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सुटा करून त्याचं तोंड एका धातूच्या डब्यात धरा आणि पेट्रोल येतं का बघा. टकटक आहे पण पेट्रोल नाही, म्हणजे पंप हवा ओढतोय, टाकी रिकामी आहे किंवा झडपा धरत नाहीत. टकटकच नाही, म्हणजे एकतर वीज पोचत नाही, नाहीतर पॉइंट (पंपातला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) गेले.

पेट्रोल धो धो येतंय आणि तरीही गाडी चालत नसेल, तर पंपाला सोडा. कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई), फ्लोट (तिला हलवणारा तरंगता भाग) किंवा इग्निशनकडे वळा. इग्निशनची कॉइल गरम होऊन स्पार्क जाणारी गाडीही अगदी पेट्रोल संपल्यासारखीच वागते.

गाडीत इलेक्ट्रिक पंप आहे की मेकॅनिकल, कसं ओळखायचं?

मेकॅनिकल पंप इंजिनच्या ब्लॉकला बसवलेला असतो आणि त्याला वायर नसते. इलेक्ट्रिक पंप बॉडीवर असतो. मॉरिस मायनरमध्ये तो बॉनेटखाली बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) दिसतो, एमजीबीमध्ये मागे, उजव्या चाकाजवळ. ई-टाइप जॅग्वारच्या पहिल्या ३.८ लिटर गाड्यांत तो थेट टाकीत बुडवलेला होता, पुढे ४.२ लिटरमध्ये बाहेर आला. पूर्वीच्या एखाद्या मालकाने मेकॅनिकल पंप तसाच ठेवून मागे आणखी एक इलेक्ट्रिक पंप जोडलेला असणं हेही नवीन नाही. तेव्हा पाइपचा माग टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एकदा स्वतः काढा.

हा टकटक करणारा पंप आतून चालतो कसा?

एस.यू. या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा पंप घेऊ, कारण ब्रिटिश क्लासिक गाड्यांत तोच सर्वाधिक भेटतो. पॉइंट जुळलेले असले की कॉइलमधून करंट जातो, चुंबक तयार होतो आणि डायफ्रामला (लवचीक पडद्याला) जोडलेल्या लोखंडी आर्मेचरला ओढतो. डायफ्राम मागे सरकला की टाकीकडची झडप उघडते आणि पेट्रोल आत येतं. ओढ पूर्ण झाली की रॉकर (पॉइंट उघडणारा-जुळवणारा छोटा भाग) खटकन पलटतो, पॉइंट उघडतात, चुंबक संपतो. मग एक स्प्रिंग डायफ्रामला परत ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. ढकलणं संपलं की पॉइंट पुन्हा जुळतात.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि पुढचं अर्धं निदान त्यांवर उभं आहे. पहिली, पेट्रोल ओढण्याचं काम वीज करते, ढकलण्याचं काम स्प्रिंग. म्हणजे कार्ब्युरेटरकडचा दाब स्प्रिंगवर ठरतो. व्होल्टेज कमी पडलं तर दाब बदलत नाही, पंप मंदावतो. दुसरी, कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर भरलं की स्प्रिंग पेट्रोलवर टेकून थांबते. त्या अवस्थेत पॉइंट उघडे असतात आणि करंट वाहत नाही. पण टाकीकडची वाट कचऱ्याने बुजली, तर उलटं होतं: ओढ अर्ध्यावरच अडकते, पॉइंट जुळलेलेच राहतात आणि करंट सतत वाहून कॉइल तापते. कॉइल जळलेला पंप हातात आला, तर टाकीतली जाळी आधी बघा. नाहीतर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.

टकटकीच्या आवाजावरून काय कळतं?

बरंच काही.

इग्निशन चालू केल्यावर काही सेकंद भराभर टकटक, मग हळू, मग शांत: पंप ठणठणीत आहे. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असताना अर्ध्या मिनिटात एखादा ठोका पडला तर काळजी नको.

शांत होतच नाही, भराभर ठोके चालूच: टाकी रिकामी आहे किंवा ओढण्याच्या बाजूने हवा शिरते आहे. ही हवा फार फसवी असते. त्या बाजूला दाब नसतो, उलट ओढ असते, त्यामुळे पेट्रोल बाहेर गळत नाही आणि डोळ्यांना जागा कोरडी दिसते. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) फायबर वायसर, टाकीच्या गेजचं पॅकिंग, पंपाजवळचा रबरी तुकडा ही नेहमीची ठिकाणं.

इंजिन बंद असताना दर दोन-तीन सेकंदांनी एक ठोका: पेट्रोल कुठेतरी चाललंय. नीडल धरत नसेल तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होईल आणि बॉनेटखाली वास येईल. वास नसेल, कुठे ओलही नसेल, तर पंपाची झडप गळून पेट्रोल परत मागे जातंय.

ठोके जड, संथ आणि गाडी चढावर दम तोडतेय: व्होल्टेज कमी आहे किंवा फिल्टर चोक झालाय.

पाना हळूच मारला की पंप चालू होतो. असंच चालवत राहू का?

घरी पोचेपर्यंत जरूर. ठोक्याने पॉइंट हलतात आणि त्यांच्यावरचा काळा थर क्षणभर तुटतो, म्हणून पंप जागा होतो. पण हा पॉइंट संपत आल्याचा निरोप आहे. आज एका ठोक्याने भागतं, काही आठवड्यांनी कशानेच भागत नाही, आणि ती वेळ सहसा रात्रीच्या पावसातली असते.

वीज नीट येते का, ते कसं तपासायचं?

पंपाच्या टर्मिनलवर नुसतं मीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. लोड नसताना गंजलेलं कनेक्शनही १२ व्होल्ट दाखवतं. वायर पंपाला जोडलेली ठेवा, पंप चालू असताना मोजा. किंवा टर्मिनलवर हेडलाइटचा जुना बल्ब लावून तो पूर्ण तेजाने पेटतो का पाहा. बॅटरीपेक्षा पंपापाशी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर वाटेतले जोड एकेक करून साफ करा.

मग अर्थ. मीटरची एक टोकणी पंपाच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर धरा. पंप चालू असताना इथे जवळपास शून्य दिसायला हवं. नवा रंग दिलेल्या गाडीत पंपाचा ब्रॅकेट रंगावरच कसलेला असतो आणि पंपाला अर्थच मिळत नाही. रिस्टोरेशन झाल्या झाल्या पंप बंद पडण्यामागे हेच कारण मी सगळ्यात आधी धरतो.

बॅटरीवरून थेट वायर देऊन पंप तपासायचा असेल, तर वायरमध्ये फ्यूज घ्या, पंपाकडचं टोक आधी जोडा आणि शेवटचा जोड पेट्रोलच्या वाफेपासून लांब करा. ठिणगी शेवटच्या जोडावर उडते.

पेट्रोल किती यायला हवं आणि दाब किती?

साधा हिशेब करा. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली, तर तासाला १० लिटर लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण १७० मिलिलिटर. पंपाने डब्यात मिनिटाला अर्धा लिटर टाकलं, तर चढ आणि ओव्हरटेक धरूनही भरपूर झालं. त्या धारेत बुडबुडे येत राहिले तर हवा शिरतेय, हेही त्याच वेळी कळतं.

दाबाचं म्हणाल तर एस.यू. कार्ब्युरेटरला २.५ ते ४ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) पुरतो, वेबरला ३ ते ३.५. त्याहून जास्त दाब दिला की नीडल उचलली जाते, पेट्रोल वाहतं, गाडी काळा धूर सोडते आणि मालक कार्ब्युरेटरवाल्याला दोष देत बसतो. अमेरिकन गाड्यांतल्या हॉली कार्ब्युरेटरला मात्र ५ ते ७ पीएसआय चालतो.

गरम झाल्यावरच त्रास होतो, गार झाल्यावर नीट. हे पंपाचं काम का?

कधी कधी. पेट्रोल पाइपमध्येच उकळून वाफ होत असेल, तर पंप नुसती वाफ ढकलत राहतो आणि टकटक वाढते. पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या, मध्ये पत्र्याची आड द्या. मागे टाकीजवळ बसवलेल्या पंपाला हा त्रास कमी, कारण पाइपभर दाब राहतो आणि दाबाखालचं पेट्रोल उशिरा उकळतं.

पण आधी टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताना फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीचा श्वास बुजलाय. पंपाशी याचा काहीच संबंध नाही.

काम सुरू करण्याआधी कोणती काळजी घ्यायची?

हा प्रश्न उगाच मागे पडतो. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते. म्हणून सर्व्हिस पिटमध्ये हे काम करू नका. गाडी मोकळ्यावर घ्या, बॅटरीचा अर्थ काढा, आगविझवणी हाताशी ठेवा. तारेच्या बल्बचा हॅण्डलॅम्प नको. पडून फुटला की तापलेली तारच आग लावते. एलईडी टॉर्च वापरा. तोंडाने पेट्रोल ओढून टाकी रिकामी करणारे महाभाग अजूनही आहेत. फुप्फुसात गेलेलं पेट्रोल जिवावर बेतू शकतं.

पंप टाकीच्या पातळीखाली असेल तर पाइप सोडताच टाकी वाहू लागेल. पाइपला बसणारा बोल्ट आणि क्लिप आधीच तयार ठेवा.

पॉइंट साफ केले तर काम भागेल का?

पंप बराच काळ उभ्या गाडीत होता आणि पॉइंटवर नुसता काळसर थर असेल, तर भागेल. टोकाचं काळं बेकलाइटचं झाकण काढा. आत रॉकर आणि वरची पातळ पट्टी दिसेल. पॉइंटमध्ये जाड कागद घालून ओढा. फारच थर असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरची एक-दोन ओढ, त्यानंतर पुन्हा कोरा कागद.

जवळून पाहा: चांगल्या पॉइंटचा पृष्ठभाग करडा आणि सपाट असतो. एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला टेकाड आलं असेल, कडा निळ्या पडल्या असतील, तर घासून उपयोग नाही. तिथे ठिणगी दाबणारा कंडेन्सर किंवा डायोड मेलेला असतो. पॉइंटचा सेट बदला आणि तो भागही बदला. रॉकरपासून निघणारी गुंफलेली बारीक अर्थ वायरही बघा; एका बाजूचे धागे तुटलेले असतील तर पंप मनात आलं की चालतो, नाहीतर नाही.

झाकण परत लावताना त्यातली हवेची वाट मोकळी ठेवा. डायफ्रामच्या मागची हवा तिथून ये-जा करते. पाणी जाऊ नये म्हणून कुणी ती सील करून टाकली, तर पंप मंदावतो. झाकणाच्या सांध्यावर टेप लावणं वेगळं; ते बरोबर आहे.

डायफ्राम बदलणं घरी जमतं का?

जमतं, घाई नको एवढंच. दुरुस्तीचा किट पंपाच्या प्लेटवरचा नंबर बघूनच घ्या.

पंप सोडण्याआधी कॉइलच्या खोक्यावर आणि खालच्या बॉडीवर मिळून एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे पाइपांची दिशा चुकणार नाही. सहा स्क्रू काढले की दोन भाग वेगळे होतात. डायफ्राम डावीकडे फिरवून सोडवायचा असतो. तो सुटता सुटता जुन्या पंपांतले ११ छोटे पितळी रोलर टपाटप खाली पडतात, म्हणून खाली ट्रे ठेवा. एखादा हरवला तर "दहावर चालेल" असं म्हणू नका, आर्मेचर एका बाजूला घासू लागतं. नंतरच्या पंपांत रोलरऐवजी प्लॅस्टिकच्या चकत्या आहेत.

निघालेला डायफ्राम हातात घेऊन वाकवून पाहा. कडक झालेला, कुरकुरणारा, स्क्रूच्या भोकांभोवती चिरलेला असेल तर निदान पक्कं. झडपांच्या चकत्या आणि जाळी त्याच वेळी साफ करा. जाळीवर तपकिरी चिखल असेल तर तो टाकीतला गंज आहे. नवा डायफ्राम त्याच्यावर उपाय नाही.

आता खरी मेख, सेटिंग. रोलर आणि स्प्रिंग बसवून, वरची पॉइंटपट्टी बाजूला ठेवून, डायफ्राम उजवीकडे फिरवत इतका आत न्या की आर्मेचर दाबल्यावरही रॉकर पलटणार नाही. मग थोडाथोडा उलटा सोडत प्रत्येक वेळी आर्मेचर अंगठ्याने हळू पण ठामपणे दाबून पाहा. ज्या क्षणी रॉकर खटकन पलटला, तिथे थांबा. जवळचं स्क्रूचं भोक जुळवा आणि तिथून आणखी चार भोकं, म्हणजे एका फेऱ्याचा दोन-तृतीयांश, उलटा फिरवा. हे चुकलं तर पंप एकतर अर्धा ठोका मारून अडकतो किंवा पॉइंट नीट उघडत नाहीत. रॉकरवरच्या बोटासारख्या पट्ट्यांच्या फटीची मापं पंपाच्या मॉडेलप्रमाणे वेगळी आहेत, ती त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या.

सहा स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळा. बॉडी मऊ मिश्रधातूची असते. जोर केला की आटे जातात. गाडीत बसवण्याआधी टेबलावर केरोसिनमध्ये चालवून बघा. पेट्रोलमध्ये नव्हे.

मग दुरुस्ती की नवा पंप?

बॉडी शाबूत आणि कॉइल जिवंत असेल तर माझं मत दुरुस्तीकडे झुकतं. असा पंप पुन्हा पुन्हा उघडता येतो, प्रत्येक भाग मिळतो, आणि रस्त्यात अडला तर ठोका देऊन घरी आणता येतो. बॉडीला गंजाची छिद्रं पडलेली असतील, स्क्रूचे आटे गेले असतील किंवा कॉइल जळली असेल, तर नवा घ्या.

नवा घेताना इलेक्ट्रॉनिक की पॉइंटवाला हा वाद रंगतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. इलेक्ट्रॉनिकमध्ये पॉइंट नाहीत, म्हणून झीज नाही; रोज चालणाऱ्या गाडीला मी तोच देईन. पण तो गेला की एकदम जातो, ठोक्याला दाद देत नाही.

माझ्या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे. काय बघायचं?

म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे सर्रास होतं. एमजीबी १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थची होती. पॉइंट आणि कंडेन्सरवाल्या पंपाला दिशा कळत नाही, कसाही जोडला तरी चालतो. डायोड असलेल्या किंवा इलेक्ट्रॉनिक पंपाला मात्र कळते. उलटा जोडला की तो कायमचा जातो. गाडी मध्ये कधीतरी निगेटिव्ह अर्थ केलेली असू शकते, त्यामुळे पुस्तकावर न जाता बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहा.

कुठलाही युनिव्हर्सल पंप बसवला तर?

दाब जुळला तर बसवा. फॅसेटसारखे छोटे चौकोनी पंप कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्यावरचा बाण कार्ब्युरेटरकडे हवा. बहुतेक आधुनिक पंप ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चे, म्हणून ते टाकीजवळ आणि शक्यतो पेट्रोलच्या पातळीच्या खाली बसवा. बॉनेटखाली असलेल्या जुन्या पंपाच्या जागी तसाच पंप लावला की तो कोरडा ओढत बसतो. रबरी बुशावर बसवा, नाहीतर पूर्ण बॉडी घुमते.

इंजेक्शनवाल्या क्लासिकचं काय?

तो वेगळाच प्राणी. बॉशच्या के-जेट्रॉनिक या इंजेक्शन सिस्टिममध्ये दाब ५ बारच्या आसपास, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पंपाच्या वीसपट. ट्रायम्फ टीआर६ पीआयचा लुकास पंप १०० पीएसआयच्या वर चालतो आणि तापतो म्हणून बदनाम आहे. तिथे बरेच जण बॉशचा पंप लावतात. हे पंप पेट्रोलनेच थंड राहतात, त्यामुळे टाकी कायम तळाला ठेवून गाडी चालवली की लवकर मरतात. असे पंप उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. पाइप सोडण्याआधी सिस्टिममधला दाब उतरवा, नाहीतर फवारा थेट डोळ्यांत.

एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने पंप खराब होतो का?

पंपाचं धातूकाम सहसा टिकतं, रबर टिकत नाही. जुने होज आतून फुगतात, त्यांचे काळे कण सुटतात आणि झडपेत जाऊन बसतात. होजवर एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या होजचं मानक) असा शिक्का बघून घ्या आणि किटमधला डायफ्राम एथेनॉलला चालतो ना, हे विचारा. एथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीच्या पंपात पांढरट थर सापडतो. गाडी लांबच्या मुक्कामाला ठेवायची असेल तर एकतर पेट्रोल काढून ठेवा किंवा मधूनमधून इग्निशन देऊन पंपाला पाच-दहा ठोके मारू द्या. पॉइंटही त्यामुळे स्वच्छ राहतात.

अपघात झाला तर पंप चालूच राहील ना?

हो, इग्निशन चालू आहे तोवर राहील, आणि पाइप तुटला असेल तर पेट्रोल रस्त्यावर ओतत राहील. म्हणून पंपाच्या वायरमध्ये इनर्शिया स्विच घाला. धक्का बसला की तो वीज तोडतो; वरचं बटण दाबून पुन्हा चालू होतो. तो डॅशबोर्डखाली, घट्ट पत्र्यावर, हात पोचेल असा लावा. खड्ड्यात आदळूनही तो कधी उडतो, आणि मग टकटक एकदम थांबते. गाडी अशी बंद पडली तर आधी ते बटण दाबून बघा.

लांबच्या प्रवासात डिकीत काय ठेवू?

पॉइंटचा एक सेट, दोन फायबर वायसर, हातभर होज आणि दोन क्लिपा, फ्यूज, फ्यूज लावलेली लांब वायर. इलेक्ट्रॉनिक पंप असेल तर काढून ठेवलेला जुना पॉइंटवाला पंपही बरोबर घ्या; मात्र तो आधी टेबलावर चालवून बघितलेला हवा.